लाल कोट, पांढरी कॉलर

"आमची निर्मला नर्स आहे," एवढंच माझे यजमान प्रभाकर लोकांना सांगायचे. पुढे कुणी "कुठल्या वॉर्डात?" असं विचारलं की त्यांची पंचाईत व्हायची. मग म्हणायचे, "वॉर्ड नाही हो, ती सगळ्यांना हात धुवायला लावते." त्यामुळे दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं साबण कंपनीची बाई म्हणून ओळखली गेले. एकदा एका शेजारणीने मला सॅम्पलसुद्धा मागितलं होतं!

पण खरं सांगते, माझ्या कामासारखं थरारक काम दुसरं नाही. संसर्ग नियंत्रण नर्स असं त्या पदाचं लांबलचक नाव. माणूस एक आजार घेऊन हॉस्पिटलात येतो. जाताना त्याने दुसरा घेऊन जाऊ नये, हे पाहायचं. रोज सकाळी लॅबचे रिपोर्ट वाचायचे. एकच जंतू दोन ठिकाणी दिसला की कान टवकारायचे आणि विचारायचं, हा इथून तिथे गेला कसा? कुणाच्या हाताने? कुठल्या टॉवेलवरून? पोलिसात असते तर याच कामासाठी मला जीप मिळाली असती. इथे मला रबरी हातमोजे मिळाले.

माझा आयुष्यभराचा गुन्हेगार म्हणजे स्टॅफ नावाचा जंतू. तो आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नाकात, कातडीवर निमूट राहत असतो. कातडीला ओरखडा पडला की आत शिरतो. मग पुळी, केसतूड, गळू. त्याच्याच घराण्यातला एक निर्ढावलेला भाऊ आहे, एमआरएसए. नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्यांना तो दादच देत नाही. जिथे अंगाला अंग घासतं, घाम येतो आणि टॉवेल, वस्तरा, कपडे सगळ्यांचे एकच असतात, तिथे याची चंगळ. आखाडे, जिम, जवानांच्या बराकी. मुनिरकातल्या भाड्याच्या खोल्यासुद्धा.

तिथे राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा लातूरकडचा एक मुलगा काखेत गळू घेऊन आला होता. मराठी नर्स पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. मी विचारलं, "आधी काही औषध घेतलंस का रे?"

"रूममेटच्या उरलेल्या गोळ्या होत्या मॅडम. वाया कशाला घालवायच्या?"

"आणि रूममेटला काय झालं होतं?"

"त्याचा घसा बसला होता."

हसावं की रडावं! घशाच्या गोळ्या काखेला, त्याही अर्ध्याच. जंतू निर्ढावतात ते असे. तो मुलगा बरा झाला, पासही झाला. आता कुठल्याशा जिल्ह्यात मोठा अधिकारी आहे. तिथे तरी औषधं पूर्ण घेतो अशी आशा आहे.

पण मला सांगायची आहे ती बँडवाल्यांची गोष्ट.

देवउठनी एकादशी, म्हणजे आपली कार्तिकी, झाली की दिल्लीत लग्नांचा धडाका सुरू होतो. रस्त्यारस्त्यावर वराती, घोडी, डोक्यावर झुंबरं घेतलेले लाइटवाले आणि लाल मखमली कोटातले बँडवाले. अशाच ऐन सीझनमध्ये आमच्याकडे गुलशेर दाखल झाला. तिशीतला, मुरादाबादकडचा, पूर्व दिल्लीतल्या एका बँडमधला ट्रम्पेटवाला. मानेवर मागच्या बाजूला भलीमोठी काळपुळी, अंगात ताप आणि धाप इतकी की दोन शब्द बोलला की थांबायचा. ज्या माणसाचं पोट फुंकरीवर, त्यालाच श्वास पुरेना.

दोन दिवसांनी लॅबमधून डॉक्टर अनघाचा फोन आला. अनघा वैद्य आमची मायक्रोबायोलॉजिस्ट. वयाने मला लेकीसारखी. जन्मली, वाढली दिल्लीतच.

"निर्मलाताई, तुमच्या त्या गुलशेरचा रिपोर्ट. एमआरएसए आहे यार. रक्तातसुद्धा."

"वाटलंच मला. काळपुळी किती पसरली होती त्याची."

"काळ... काय?"

"काळपुळी गं. कार्बंकल."

"अच्छा! मराठीत याला शब्द आहे?"

मी म्हटलं, शब्द आहे बाई, आजार तुझ्या-माझ्या पणज्यांपासून आहे. फक्त तेव्हाच्या आणि आताच्या जंतूत फरक पडलाय.

रिपोर्ट ऐकून मी वॉर्डात गेले. मनात एक गोष्ट खटकत होती. त्याच आठवड्यात ओपीडीत मानेवर गळू झालेला आणखी एक जण आला होता. जागा अगदी तीच, केस संपतात तिथे. त्याच्याही कागदावर कामधंदा 'बँड' असाच लिहिलेला. मी गुलशेरच्या खाटेशी बसले. हिंदीत विचारलं, "तुमच्या बँडमध्ये अजून कुणाला असं होतं का?"

तो हसला. म्हणजे हसायचा प्रयत्न केला. "सबको होता है, सिस्टर. हम लोग... सीज़न का फोड़ा बोलते हैं."

सीझनचा फोड! म्हणजे दरवर्षी होतो, सगळ्यांना होतो, आणि धंद्याचा भाग म्हणून त्यांनी तो स्वीकारलेला. सुताराच्या हाताला घट्टे पडावेत तसा! मी त्याच क्षणी ठरवलं, त्या बँडकडे जायचं.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "सिस्टर, आपलं काम हॉस्पिटलच्या भिंतींच्या आत." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून मी माझ्या सुट्टीच्या रविवारी निघाले. प्रभाकर कोट घालून तयार होते.

"आज चर्च नाही?"

"आज बँड," मी म्हटलं. "चला सोबत."

आले बिचारे.

लक्ष्मीनगरच्या पलीकडे एका गल्लीत त्या बँडचं दुकान होतं. पुढच्या खोलीत भिंतीवर चकाकणारे ट्रम्पेट, मोठा ढोल, आणि खुंट्यांच्या रांगेत लाल मखमलीचे जरीदार कोट. मागच्या खोलीत सीझनभर सगळे ओळीने झोपायचे. मालक इक्बाल मास्टरजी, साठीचे, मेंदी लावलेल्या मिशा, स्वतः क्लॅरिनेट वाजवणारे. मी ओळख सांगताच त्यांचा चेहरा पडला.

"सिस्टरजी, दुकान बंद कराने आई हैं?"

"नाही. माना बघायला आले."

ते ऐकून मागच्या खोलीत एकच हशा पिकला. पण आले सगळे. एकेकाने पाठ फिरवली आणि मी कॉलर खाली ओढून बघत गेले. कुणाची ताजी पुळी, कुणाचा सुकलेला व्रण, कुणाला दोन्ही. मोठा ढोल वाजवणारा नफीस, त्याच्या मानेवर तर चांगलंच टरारलेलं गळू होतं. त्यावर त्याने केमिस्टकडचं कसलंसं मलम फासलेलं. सगळ्यांची जागा मात्र एकच.

आरशाजवळ एक वस्तरा लटकत होता. तो पाहून मी मनात म्हटलं, सापडला चोर! सगळे त्यानेच दाढी करायचे. पण आमच्या धंद्यात पहिला संशयित आवडला की घात होतो. मी विचारत गेले. नफीसला तर दाढी होती, वस्तरा त्याच्या गालाला लागतच नव्हता. आणि रोज त्याच वस्तऱ्याने न चुकता दाढी करणाऱ्या मास्टरजींची मान लोण्यासारखी स्वच्छ!

मी मास्टरजींकडे बघतच राहिले. वस्तरा तोच. खोली तीच. टॉवेलही तोच, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्याला तोंड पुसलं होतं. मग या माणसाचं वेगळं काय?

नजर खुंट्यांकडे गेली. लाल कोटांच्या रांगेपासून दूर, एका हँगरवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, निळा कोट होता.

"हा कोणाचा?"

"मेरा. मास्टर का कोट है."

"दुसरं कुणी घालतं?"

मास्टरजी दुखावल्यासारखे झाले. "मास्टर का कोट? सिर्फ मास्टर पहनता है, सिस्टरजी!"

"आणि हे लाल?"

"जिसको जो फिट आ जाए."

मी प्रभाकरांचा हात इतक्या जोरात धरला की ते "अगं!" म्हणून ओरडले. लाल कोट खुंटीवरून काढून मी त्याची कॉलर बोटांनी चाचपली. आत जाड कॅनव्हास, वर खरबरीत जर. असली ताठ कॉलर मानेवर तास न् तास घासत राहिली की कातडी सोलवटणारच. त्यात नाचत्या वरातीबरोबर चालताना घामाच्या धारा. आज हा कोट एकाच्या अंगावर, उद्या दुसऱ्याच्या. धुवायचा प्रश्नच नाही, मखमल पाण्यात घातली की रंग जातो. जंतूसाठी याहून चांगली पालखी ती कुठली!

अनघाने दिलेल्या निर्जंतुक काड्या मी पर्समधून काढल्या, कॉलरींवर, वस्तऱ्यावर, टॉवेलवर फिरवल्या आणि नळ्यांत बंद केल्या. नफीसला म्हटलं, आधी हॉस्पिटल. गळू डॉक्टर कापून साफ करतील, तू दाबायचं नाहीस. तो भरती व्हायला घाबरत होता. प्रभाकर म्हणाले, "चलो बेटा, मैं साथ हूँ," आणि त्याला रिक्षात घेऊन गेले. हात धुवायला लावणाऱ्या बाईच्या नवऱ्याची ही पहिली ड्यूटी.

लॅबचा निकाल आला तेव्हा अनघा फोनवर बोललीच नाही, धावत माझ्या खोलीत आली. "ताई, कॉलर! तीन कॉलरींवर तोच आहे, बिल्कुल तोच! गुलशेरला जी औषधं चालत नाहीत ती यालाही चालत नाहीत!" टॉवेलवरही तो सापडला होता. आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या एकमेकींचे हात धरून नाचलो. आणि मग एकदम हात सोडले, कारण वरच्या मजल्यावर गुलशेरला त्याच दिवशी आयसीयूत हलवलं होतं. जंतू रक्तातून फुफ्फुसात पोचला होता.

मी पुन्हा दुकानात गेले. मास्टरजींना सगळं सांगितलं. त्यांनी खुंटीवरचा एक लाल कोट सरळ केला. मग म्हणाले, "बँड बंद नहीं कर सकता. इन सबके घर इसी सीज़न से चलते हैं."

"बंद नकाच करू. पण या कॉलरी नकोत. आणि प्रत्येकाचा कोट वेगळा."

मास्टरजींची बायको शमीमभाभी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बँडचे सगळे कोट त्यांनीच शिवलेले. त्यांनी मला विचारलं, कोट धुता येत नाही तर करायचं काय? मी सांगत गेले की मिरजेला नर्सिंग शिकत होते तेव्हा आमच्या गणवेशाला सुटी कॉलर असायची. कॉलर रोज काढायची, उकळायची, खळ लावून इस्त्री करायची. ड्रेस दुसऱ्या दिवशी चालायचा, कॉलर कधीच नाही.

शमीमभाभींचे डोळे चमकले. त्यांनी एक कोट ओढून घेतला, कॉलर उलटी केली आणि म्हणाल्या, "इसको काट देती हूँ. ऊपर सफ़ेद सूती कॉलर, टिच बटन से. रोज़ बदलो, रोज़ उबालो."

मी त्यांना मिठीच मारली!

पण मास्टरजी उसळले. "लाल कोट पर सफ़ेद कॉलर? वेटर लगेंगे सब के सब! बारात में लोग मुर्ग़ा माँगेंगे!"

"तो क्या फोड़ा अच्छा लगता है?" भाभी म्हणाल्या.

"ये इज़्ज़त की बात है!"

त्यांचंही खरंच होतं. तो लाल कोट, ती सोनेरी ताठ कॉलर म्हणजे त्यांचा रुबाब. दिवसभर रिकाम्या पोटी बसलेला माणूसही तो कोट चढवला की राजासारखा चालायचा. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "गुलशेरला भेटायला तरी या."

दुसऱ्या दिवशी ते आले. आयसीयूच्या काचेतून त्यांनी पाहिलं. तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. या पोराला त्यांनीच ट्रम्पेट हातात धरायला शिकवलं होतं. काचेवर तळवा ठेवून ते उभे राहिले.

संध्याकाळी मी दुकानात पोचले तर मास्टरजी जमिनीवर बसले होते, हातात शमीमभाभींची मोठी कात्री, आणि भोवती सोनेरी जरीच्या कापलेल्या कॉलरींचा ढीग. मान वर न करता म्हणाले, "सिस्टरजी, बाक़ी क्या करना है, बोलिए."

मग काय विचारता! शिलाई मशीन थांबतच नव्हतं. प्रत्येकाच्या कोटाच्या आत त्याचं नाव शिवलं. प्रत्येकाला स्वतःच्या कॉलरींचा जोड. जुने कोट ड्रायक्लीनला गेले आणि वाफेची इस्त्री होऊन आले. सामायिक वस्तरा मी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून फेकला. टॉवेल ज्याचा त्याला. वाजवून आलं की आधी साबणाने अंघोळ, मग झोप. दिल्लीच्या त्या थंडीत हा नियम सर्वांत अवघड गेला. त्यासाठी भाभींनी पाणी तापवायचा मोठा बंब आणला. जखम असेल तर ती स्वच्छ पट्टीने पूर्ण झाकलेली हवी. पट्टीतून पू येत असेल तर त्या दिवशी वाजवायचं नाही. पुळी फोडायची नाही. केमिस्टकडून मनाने गोळ्या आणायच्या नाहीत, आणि डॉक्टरांनी दिलेल्या मध्येच सोडायच्या नाहीत. मी हे इतक्यांदा बजावलं की पोरं ते ढोलकीच्या ठेक्यावर म्हणायला लागली.

नव्या कॉलरी घालून पहिली वरात पटपडगंजला होती. मी आणि प्रभाकर फुटपाथवर उभे. मास्टरजींचा चेहरा फाशी जाणाऱ्या माणसासारखा. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे मामा, डोक्याला गुलाबी फेटा, थेट त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. बोट कॉलरीकडे.

"मास्टरजी, ये क्या है?"

मास्टरजींनी क्लॅरिनेट छातीशी धरलं.

"नेवी वाला लुक? क्या बात है! एकदम स्मार्ट!"

मास्टरजींच्या मिशा हळूहळू वर गेल्या. "जी. नया लुक है," असं म्हणून त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि असं काही वाजवलं, असं वाजवलं, की प्रभाकर, ज्यांनी आमच्या स्वतःच्या लग्नात पाय हलवला नव्हता, ते फुटपाथवर चक्क नाचले!

त्या सीझनला दुकानात नवीन गळू जवळजवळ झालंच नाही. एकाला झालं, तो आपणहून, पट्टी बांधून ओपीडीत आला. मला ते पदक मिळाल्यासारखं वाटलं. नफीस बरा होऊन ढोलावर परतला.

गुलशेर वाचला. नाताळच्या करंज्या मी त्याला वॉर्डात नेऊन दिल्या तेव्हा तो उठून बसला होता. पण फुफ्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. घरी गेल्यावर त्याने ट्रम्पेट ओठांना लावून पाहिलं, एक सूरही तडीला गेला नाही. हे मला आजही सलतं. सीझनचा फोड म्हणून तो कितीतरी वर्षं अर्ध्या गोळ्या खात राहिला, आणि तेवढ्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही त्या बँडच्या दुकानाची पायरी चढलं नव्हतं.

मास्टरजींनी त्याला सोडलं नाही. कॉलरींचं सगळं खातं त्याच्याकडे दिलं. रोज निघण्याआधी तो दारात उभा राहायचा. "गर्दन दिखा," म्हणायचा, आणि त्याने मान पाहिल्याशिवाय कुणी कोट चढवायचं नाही. मला म्हणाला होता, "फूँक तो गई, सिस्टर. नज़र अभी बाक़ी है."

पुढे मी निवृत्त झाले. त्याच वर्षी अनघाचं लग्न ठरलं, पंजाबी डॉक्टरशी. वैद्यांकडचे आम्ही सगळे मराठी लोक हॉलच्या दारात आरती, फुलं घेऊन उभे, आणि समोरून वरात आली, गाजतवाजत. मुलाकडच्यांनी बँड आणला होता दुसराच, नोएडाचा. आणि मी बघते तर काय, लाल कोट, पांढऱ्या कॉलरी!

मला रडूच फुटलं. हातातली फुलं प्रभाकरांकडे देऊन मी तशीच वरातीत घुसले, नाचणाऱ्या काका-काकूंमधून वाट काढत ढोलवाल्यापर्यंत पोचले.

"ही कॉलर रोज धुता का हो?" मी हिंदीत ओरडून विचारलं.

"धोना क्या, आंटीजी? सिली हुई है. आजकल फ़ैशन है!"

मी हात लावून पाहिलं. खरंच, पक्की शिवलेली. आत तोच कॅनव्हास. पांढऱ्या कापडावर घामाची पिवळी कड. आमची कॉलर दिल्लीभर पोचली होती, धुणं मात्र लक्ष्मीनगरच्या पलीकडच्या गल्लीतच राहिलं होतं.

अनघाने गुलशेरलाही बोलावलं होतं. राखाडी सूट घालून तो आमच्यातच उभा होता. त्याने माझा चेहरा पाहिला आणि गर्दीतून पुढे आला. गाणं संपून बँड क्षणभर थांबला होता. त्याने ढोलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गर्दन दिखा, भाई."

"क्यों? तू कौन है?"

गुलशेरने टाय सैल केला, वरचं बटण काढलं आणि पाठ फिरवून स्वतःची मान उघडी केली. तळहाताएवढा व्रण, चुरगळलेल्या कागदासारखा. "ट्रम्पेट बजाता था," तो शांतपणे म्हणाला. "अब सीढ़ियाँ चढ़ते हुए रुकता हूँ."

मागून कुणीतरी "चलो, चलो, बजाओ!" म्हणून ओरडलं. ढोलवाल्याने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्याने टिपऱ्या कमरेला खोचल्या, आमच्याकडे पाठ केली आणि मान खाली वाकवली. त्याच्यामागे ट्रम्पेटवाला येऊन उभा राहिला, त्याच्यामागे झांजवाला.

मी पर्समधून मोबाइल काढला आणि टॉर्च लावला.